‘सांगलीचा वाडा’ ग्रुप: बेसबॉलच्या नव्या पिचरांपैकी टिकणार कोण?

ओंकार (टोरंटो): तिळगूळ घ्या, गोड बोला. झालं, आता भांडायला मोकळा. सई, काल फोनवर म्हणालीस ते इथे सगळ्यांसमोर म्हण.

सई (मिल्वॉकी): म्हणते की! 2025 मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये आलेल्या नव्या पिचरांत, काकांच्या भाषेत बॉलरांत, स्टार होणार तो आमचा मिसिओरॉव्स्की. तुझा येसाव्हेज नाही. आमच्याने पहिल्या 11 इनिंग्ज (तीन आउट झाले की एक इनिंग) एकही हिट दिली नाही, म्हणजे कोणालाच बॉल मारून बेस गाठू दिला नाही. पाच सामने खेळून थेट ऑल-स्टारमध्ये, निवडक खेळाडूंच्या सामन्यात. बॉल ताशी 100 मैलांच्या वर.

बाळकाका (सांगली): 100 मैल म्हणजे 161 किलोमीटर. शोएबने 2003 च्या वर्ल्ड कपमध्ये एक बॉल 161.3 ने टाकला, त्याची गोष्ट लोक अजून सांगतात. हा पोरगा रोज टाकतो?

सई: एकेका सामन्यात कितीतरी वेळा, काका.

बाळकाका: पण कोपर वाकवून. फेकीच आहे ती. आमच्या मुरलीला त्या कोपरापायी किती छळलं, अन् इथे उघड उघड फेकायचे पैसे देतात.

नीलम (पिट्सबर्ग): दादा, चुकून बरोबर जागी आलास. सगळं त्या कोपरावरच अडतं. सांगते, आधी ओंकारचं होऊ दे.

ओंकार: धन्यवाद आत्या. येसाव्हेज एप्रिलमध्ये मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या स्पर्धांच्या, खालच्या पायरीवर होता. एका वर्षात चार पायऱ्या चढून सप्टेंबरात टोरंटोच्या ब्लू जेजकडे आला. ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, पाचव्या सामन्यात लॉस एंजेलिस डॉजर्सचे 12 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट), वॉक एकही नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये आजवर कुठल्याच रूकीने, म्हणजे नवख्याने, इतके घेतले नव्हते. वय 22!

सई: सिरीज मात्र हरलात.

ओंकार: सातव्या सामन्यात. जखमेवर तिळगूळ चोळू नकोस.

रेवा (पुणे): वॉक म्हणजे काय रे?

नीलम: चार बॉल बाहेर टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. वाइड समज, पण महागातला.

ओंकार: आणि गंमत म्हणजे 2026 मध्येही तो रूकीच. रेग्युलर सीझनला 14 इनिंग्जच टाकल्यात, 50 ओलांडेपर्यंत रूकी धरतात. प्लेऑफ मोजतच नाहीत.

रेवा: म्हणजे घर चालवायला लागली तरी नवी सूनच 😄

नीलम: न्यूयॉर्क मेट्सचा पिचर मॅक्लीन तर 48 इनिंग्जवर थांबला. तोही 2026 मध्ये नवी सून. माझं मत विचाराल तर त्याच्याकडेही लक्ष ठेवा, पण इथे दोघांच्या आरडाओरड्यात तिसऱ्याला जागा नाही.

बाळकाका: सई, तुझ्या ताडमाडाची लाइन-लेंग्थ कशी आहे?

सई: भरकटते कधीकधी. वर्षअखेर नऊ इनिंग्जमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, चारच्या वर रन गेले. पण पोरगा साडेसहा फुटांच्या वर आहे काका, इतके लांब हातपाय ताब्यात यायला वेळ लागतोच.

नीलम: आता माझं. जून 2010. वॉशिंग्टनचा नवा पिचर स्ट्रासबर्ग याचा पहिलाच सामना, समोर आमचेच पिट्सबर्ग पायरेट्स. 14 स्ट्राइकआउट, वॉक शून्य. आमची टीम मार खात होती आणि मी टीव्हीसमोरून हलले नाही, गॅसवरचं करपलं. सप्टेंबरात त्याच्या कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन काढून बसवतात. 1974 मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केलं म्हणून ते नाव. स्ट्रासबर्ग परत आला, 2019 ची वर्ल्ड सिरीज गाजवली, साडेचोवीस कोटी डॉलरचा करार मिळवला आणि त्यानंतर जेमतेम आठ सामने खेळला. तो स्टार झाला की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सई: आत्या, पण तुमच्या पायरेट्सचा पिचर स्कीन्स?

नीलम: त्याच्याबद्दल बोलत नाही, दृष्ट लागेल. 2024 ला आला, ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेले रन) 1.96, रूकी ऑफ द इयर. 2025 ला 1.97 आणि साय यंग, सर्वोत्तम पिचरचं बक्षीस. तरी त्याच्या नावावर जय-पराजय 10-10, कारण आमचे बॅटर त्याला रन काढून देतील तर शपथ! पण मुद्दा लक्षात घ्या, दुसऱ्या वर्षीही तेच आकडे. सगळ्यांनी त्याचे व्हिडिओ पाहून झाल्यावर.

बाळकाका: अजंता मेंडिस! 2008 च्या आशिया कप फायनलला 13 रनांत आपले 6 उडवले. वाटलं, आता दहा वर्षं हा छळणार. मग लोकांनी बोटं वाचायला शिकली.

ओंकार: येसाव्हेजचा स्प्लिटर, म्हणजे शेवटी खाली पडणारा बॉल, वाचणं इतकं सोपं नाही काका. हात पार वरून येतो. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धची क्लिप पाठवतो.

बाळकाका: पाहिली. हात कानाला घासून जातो, झकास. बॉल सरळ येतोय वाटतं अन् बॅटजवळ मरतो. पण हेच यांकीज त्याला उन्हाळ्यात तिसऱ्यांदा भेटतील ना? तेव्हा बोलू.

नीलम: आणि उलटंही होतं. जुना पिचर मॅडक्स, त्याचं पहिलं पूर्ण वर्ष 1987: सहा जिंकले, चौदा हरले. तेव्हा ग्रुप असता तर आपण त्याला घरी पाठवला असता. पुढे 355 विजय आणि सलग चार साय यंग. वेगही फार नव्हता.

बाळकाका: हा माझा माणूस.

रेवा: आपल्याकडचं कोणी नाही का?

नीलम: 2008 मध्ये पायरेट्सनीच उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू घेतले होते, रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल. मेजर लीगपर्यंत नाही पोचले. रिंकू नंतर कुस्तीच्या रिंगणात गेला.

रेवा: बरं, पैज लिहून घेते. सई मिसिओरॉव्स्की, ओंकार येसाव्हेज, काका?

बाळकाका: ज्याचं कोपर टिकेल तो.

ओंकार: काका, ही काय पैज झाली!

रेवा: आजी विचारतेय, त्या दोन्ही मुलांना कोणी हाताला तेल लावून देतं की नाही. आणि नीलमआत्या, तेव्हा करपलं काय होतं?

नीलम: भरताचं वांगं. भाजायचंच होतं, पण आईला सांग, इतकं नव्हतं भाजायचं.