मदत हवी आहे : बैठकीच्या भिंतीची ओल हटत नाही

वसुधा_बडोदे :
नमस्कार. आमच्या बैठकीच्या भिंतीला ओल आली आहे. मागच्या उन्हाळ्यात जुना गिलावा फोडून सिमेंटचा नवा केला, त्यावर ओलरोधक रसायन, पुट्टी आणि महागातला रंग दिला, तरीही दिवाळीच्या आतच पोपडे सुटू लागले. पूर्वी ओल गुडघ्याइतकी होती, ती आता कमरेपर्यंत चढली आहे. पुढच्या महिन्यात मुलीचा साखरपुडा घरीच आहे. महिनाभरात भिंत कोरडी करील असे रसायन कोणते, एवढेच कृपया कळवावे.

गच्चीप्रेमी_इंदूर :
ओल नेहमी वरूनच येते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. गच्चीची परनाळ बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा, म्हणजे गळती कुठे आहे ते कळेल. आमच्या घरी कठड्याच्या कडेला केसाएवढी भेग होती आणि तिच्यामुळे दोन खोल्यांची छते भिजत होती.

निवृत्त_अभियंता :
ताईंनी ओल खालून वर चढल्याचे स्पष्ट लिहिले आहे; गच्चीची ओल छताकडून खाली उतरते. त्यामुळे गच्चीचा विचार तूर्त बाजूला ठेवू. ताई, भिंतीपलीकडे काय आहे, घर किती जुने आहे, वीटकाम कशातले आहे आणि जवळून नळाची किंवा सांडपाण्याची नळी जाते का, हे कळल्याशिवाय रसायनाचे नाव सांगणे योग्य होणार नाही.

वसुधा_बडोदे :
घर सासऱ्यांनी बांधलेले, साठ वर्षांहून जुने, तळमजल्याचे आहे. भिंत चौदा इंची असून वीटकाम चुन्यातले आहे. पलीकडे अंगण आहे. न्हाणीघर, नळ, नळी काहीही त्या बाजूला नाही. पोपड्यांखाली पांढरा कापसासारखा थर येतो. ओल्या फडक्याने पुसला की भिंत स्वच्छ दिसते, पण आठवड्यात तो पुन्हा फुलतो. रसायनाचे मात्र अजून कोणीच सांगितले नाही.

सुमन_ग्वाल्हेर :
ओल हवेतली आहे की भिंतीतली, हे आधी पाहावे. स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा आणि दोन दिवसांनी काढावा. पाणी खोलीकडच्या बाजूला असेल तर ते हवेतले, भिंतीकडच्या बाजूला असेल तर भिंतीतले. आणि वसुधाताई, तो पांढरा थर म्हणजे लोणा, क्षार. तो पाण्याने पुसू नका, विरघळून परत विटेत जातो. कोरड्या कुंचल्याने झाडून, गोळा करून घराबाहेर टाकावा.

ठेकेदार_वडोदरा :
ही सरळसरळ जमिनीतून चढणारी ओल आहे. जोत्याच्या वर, विटांच्या सांध्यात चार-पाच इंचांच्या अंतराने भोके पाडून त्यांत सिलेन-सिलॉक्सेनचे, म्हणजे विटेला पाणी शोषू न देणाऱ्या रसायनाचे, द्रावण भरले की पाण्याची वाट बंद होते. काम चार दिवसांचे आहे.

निवृत्त_अभियंता :
वाट बंद होईल, परंतु वरच्या भिंतीत आधीच मुरलेले पाणी चार दिवसांत कसे जाईल? सर्वसाधारण हिशेब इंचाला एक महिना असा धरतात. चौदा इंची भिंतीला त्यामुळे वर्षभर लागू शकते. शिवाय अंगणाची पातळी त्या भोकांपेक्षा उंच असेल, तर पाणी बाजूने आत येतच राहील. ताई, अंगणात अलीकडे काही काम झाले आहे का?

वसुधा_बडोदे :
२०२२ मध्ये चिखल होऊ नये म्हणून मातीचा भराव घालून पेव्हर ब्लॉक बसवले. आणि ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुरात घरात दोन दिवस गुडघाभर पाणी होते. हे सगळ्यांना ठाऊक आहे असे समजून लिहिले नाही, क्षमा असावी. सुमनताईंनी सांगितल्याप्रमाणे कागद लावला होता. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले.

निवृत्त_अभियंता :
आता उलगडा होतो. पुराचे पाणी विटेत मुरले, भरावामुळे जोते मातीत गेले, आणि त्यावर आपण सिमेंटचा गिलावा व रसायन चढवले. चुन्यातली भिंत आपल्या पृष्ठभागातून पाणी बाहेर सोडते. ती वाट बंद झाली म्हणून पाणी वर चढून गुडघ्याची रेघ कमरेला गेली. यात कारागिराचा दोष मी मानत नाही, कारण त्याला सांगितले तेच त्याने केले. आधी भिंतीलगतचे पेव्हर व भराव काढून जोते उघडे करावे आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर वळवावे. आत ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट काढून टाकावे, सांधे खरवडावेत आणि भिंत उघडीच ठेवावी. ती सुकल्यावर चुन्याचा गिलावा करून सफेदी द्यावी. प्लास्टिकचा रंग देऊ नये. विजेचा बोर्ड त्या भिंतीवर असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी मुख्य बटण बंद करून तो तपासून घ्यावा.

ठेकेदार_वडोदरा :
अंगण उतरवल्यानंतरही वर्षभराने ओल राहिली, तर माझा उपाय विचारात घ्यावा, एवढे तरी मान्य करावे.

निवृत्त_अभियंता :
तेव्हा नक्की मान्य करीन.

वसुधा_बडोदे :
आज भिंतीलगतची पेव्हरची एक ओळ उचलली. खाली एक वीत भराव निघाला आणि त्याच्या तळाशी सासऱ्यांनी बसवलेल्या जोत्याच्या दगडाची कड दिसली; माती अजून ओलीच होती. साखरपुडा मागच्या खोलीत घेण्याचे ठरवले आहे. बडोद्यात चुन्याचे काम जाणणारा गवंडी कोणाच्या ओळखीचा असेल, तर कृपया कळवावे.