'लोक अडाणी, म्हणून पर्यावरणाची फिकीर नाही' म्हणे!

तिरकस: काल एकाने इथे लिहिलं, 'लोकांना नीट शिकवा, पर्यावरणाची काळजी आपोआप वाटेल.' डोकंच फिरलं. डॅन काहन आणि मंडळींनी अमेरिकेतल्या लोकांवर केलेला अभ्यास २०१२ साली छापला. विज्ञान जास्त कळणाऱ्यांत हवामानबदलाची चिंता काही जास्त निघाली नाही, उलट वेगळ्या विचारसरणीच्या दोन गटांतली दरी रुंदावली. शिकलेला माणूस आपल्याच बाजूचे मुद्दे अधिक हुशारीने मांडतो, एवढंच. आणि काळजीला आकडे कुठे कळतात? तेलाच्या तळ्यांत मरणारे पक्षी वाचवायला किती द्याल, असं दुसऱ्या एका अभ्यासात लोकांच्या वेगवेगळ्या गटांना विचारलं. २ हजार पक्ष्यांसाठी ८० डॉलर, २० हजारांसाठी ७८, २ लाखांसाठी ८८. डोळ्यांपुढे पंख चिकटलेला एकच पक्षी येतो, पुढची शून्यं कोण मोजतंय!

पाटीकोरी: म्हणजे शाळा बंद करू या? ओझोनचं छिद्र १९८५ला जगासमोर आलं, १९८७ला माँट्रियल करार झाला. तो काय अडाण्यांनी केला?

तिरकस: 'छिद्र' म्हटलं की चित्र उभं राहतं, कातडीचा कॅन्सर म्हटलं की स्वतःच्या अंगावर काटा येतो. वर ओझोन खाणाऱ्या सीएफसी वायूंना पर्यायही मिळत होता. तरी शास्त्रज्ञांशिवाय ते झालं नसतं, घ्या, एक गुण तुम्हाला.

भोंगा: कासवाच्या नाकातून स्ट्रॉ ओढतानाचा तो २०१५चा व्हिडिओ बघून आमच्या ऑफिसने स्ट्रॉ बंद केले. एसी मात्र असा की लोक स्वेटर घालून बसतात. कागदी स्ट्रॉचा दोन घोटांत लगदा होतो तो वेगळाच.

रानवाटा: स्ट्रॉची टिंगल सोपी आहे हो. लहान गोष्टीतूनच सवय लागते.

भोंगा: सवय कसली! एक काहीतरी केलं की मन निवांत होतं, मानसशास्त्रज्ञ एल्के वेबर हेच सांगतात. आमचे साहेब स्ट्रॉ नाकारतात आणि तासाभराच्या मीटिंगला विमानाने जातात.

पाटीकोरी: 'तुमचा कार्बन फूटप्रिंट मोजा', म्हणजे तुमच्यामुळे हवेत किती कार्बन जातो ते मोजा, हे खूळ घरोघरी पोचवलं कुणाच्या जाहिरातींनी? बीपी या तेलकंपनीच्या. तेल विकणार ते, हिशेब ठेवायचा आपण!

रानवाटा: साहेबांचा राग आमच्यावर काढू नका. माझ्या आईला दमा आहे. धूर वाढला की खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबून बसते. तिला कुणी शिकवलं नाही, कसला व्हिडिओ दाखवला नाही. तक्रारी लिहून वही भरली, एकीलाही उत्तर नाही. तिची काळजी तुमच्या कुठल्या अभ्यासात बसते?

तिरकस: आईंबद्दल वाईट वाटतं, पण एका आईवरून समाजाचं मन...

रानवाटा: 'एका आईवरून'? एका पक्ष्याने लोकांची पाकिटं उघडतात, हे तुम्हीच सांगितलंत ना वर?

तिरकस: बरं, लागलं. पण विषय काय होता आणि धागा गेला कुठे! अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने लोकांचं लक्ष एखाद्या प्रश्नावरून कसं उडतं ते १९७२मध्येच लिहून ठेवलंय: आधी धक्का आणि उत्साह, मग खर्च कळतो, मग कंटाळा. आपण कंटाळ्यापर्यंत आलोच आहोत.

भोंगा: मी नाही आलो. स्ट्रॉबद्दल माझं अजून बोलायचं बाकी आहे.