सोल्स मालिका: तुम्ही कुठून सुरुवात केलीत?

डार्क सोल्स आणि त्याच घराण्यातले अवघड व्हिडिओ गेम, त्यांचाच हा धागा. काल भाच्याने विचारलं, "मामा, डार्क सोल्स कुठल्या भागापासून खेळू?" आणि २०१२ सालच्या त्या रात्री डोळ्यांसमोर आल्या. पहिला भाग, फायरलिंक श्राइन, म्हणजे जिथून सगळे रस्ते फुटतात ती जागा. समोर स्मशान दिसलं, वाटलं हाच रस्ता. तीन रात्री सांगाड्यांचा मार खाल्ला. खऱ्या रस्त्याचा, अनडेड बर्ग या वस्तीकडे जाणारा जिना शेजारीच होता! तरी भाच्याला पहिलाच भाग दिलाय. बर्गच्या पुढच्या पॅरिशमधून लिफ्ट खाली येते आणि बाहेर पडल्यावर पुन्हा तेच फायरलिंक दिसतं, तेव्हा अंगावर काटा येतो. तुमचं सांगा.

*रातकिडा:* त्याच कंपनीचा एल्डन रिंगच द्या. सुरुवातीलाच भेटणारा तो सोनेरी घोडेस्वार आवरत नसेल तर बाजूने निघून जायचं. मार्गिट या मोठ्या शत्रूला मी पंधरा दिवस हातच लावला नाही, लिमग्रेव्ह हा सुरुवातीचा प्रदेश पालथा घातला, लेव्हल वाढवली, मग गेले. कुकरची शिट्टी झाली, येते.

*कोकणी_माणूस:* त्यांचाच सेकिरो पहिला खेळलो. मदतीला कुणाला बोलावता येत नाही, वार अडवायचा ठेका हातात बसेपर्यंत सुटका नाही. तो बसला आणि नंतर डार्क सोल्समध्ये ढाल धरायचं सुचेचना.

*दोन_पिल्लांची_आई:* घरात तान्हं बाळ असेल तर सांगते, डार्क सोल्समध्ये पॉज नाही. सेकिरोत आहे. बाळ रडलं की सरळ क्विट करायचं, सेव्ह होतं.

*कोकणी_माणूस:* आमच्याकडे पावसाळ्यात लाइटच जाते हो. इन्व्हर्टर घेतला तेव्हा कुठे जीव शांत झाला.

*रातकिडा:* किती तास चालतो? आम्हालाही घ्यायचाय.

*जुनाखेळ:* डार्क सोल्सच्या दुसऱ्या भागापासून नकोच. ॲडॅप्टॅबिलिटी हा गुण वाढवल्याशिवाय वार चुकवायचा रोल (कोलांटी) धड लागत नाही, आणि मरत गेलं की जीवनपट्टी निम्म्यापर्यंत घटते. नवखा तिथेच सोडून देतो.

*एकटा_जीव:* त्याच कंपनीचा ब्लडबोर्न. बाबा गेले ते वर्ष. पुलावरचा क्लेरिक बीस्ट हा राक्षस मला रोज मारायचा, रोज परत जायचो. तो पडला त्या रात्री महिन्यांनी सलग झोपलो.

*दोन_पिल्लांची_आई:* दादा, बरं केलंत लिहिलंत.

*धागाकर्ता:* एकटा_जीव, तुमचं वाचून थांबलो जरा. इकडे भाचा आत्ताच स्मशानात उतरलाय. जिना दाखवायचा नाही म्हणून मी स्वयंपाकघरात येऊन बसलोय.