टाकीत इंधन असूनही विमान पडते, तेव्हा दोष कोणाचा?

देवगिरीकर (छत्रपती संभाजीनगर): इंधनाअभावी छोटे विमान पाडणाऱ्याचा परवाना कायमचा रद्द करावा, कारण तो निव्वळ आळस आहे, असे येथे काल एका सदस्याने लिहिले. हे मला मुळीच पटलेले नाही. अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने २०११ ते २०१५ या काळातील अशा अपघातांचा आढावा घेतला, त्यांपैकी सुमारे ३५ टक्के घटनांत विमानात इंधन होते. ते इंजिनापर्यंत पोहोचले नव्हते. सेसना १७२ या छोट्या विमानात दोन्ही टाक्या एकत्र चालू ठेवता येतात, तर पायपर चेरोकी या तशाच विमानात डावी किंवा उजवी एकच निवडावी लागते; ती संपली आणि टाकी बदलली नाही, तर दुसरीतले इंधन तसेच राहते. १९९७ मध्ये अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर स्वतः चालवत असलेले जे विमान कोसळून मरण पावले, त्यात टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होती. येथे आळस कोठे आला?

गोदातीर (नांदेड): कालचे मत माझे होते आणि ते कायम आहे. त्याच आढाव्यात ९५ टक्के अपघातांमागे माणसाची चूक आढळली आणि शिकाऊ वैमानिक केवळ २ टक्के होते, हे आपण सोयीस्करपणे वगळले. डेन्व्हर यांनीही आणखी इंधन न भरताच उड्डाण केले होते. इंधनाच्या काट्यावर विसंबलेला ट्रकवाला रस्त्याच्या कडेला थांबू शकतो, वैमानिकाला ती सोय नाही.

मांजराकाठ (लातूर): शिकाऊ मुले टाकीतले इंधन का तपासत नाहीत, हे कोणी विचारील का? माझा पुतण्या परराज्यात शिकत असताना पंखावर चढून टाकीत मोजपट्टी बुडवू लागला, तेव्हा उशीर होतो म्हणून प्रशिक्षकांनी त्याला सर्वांसमोर सुनावले. त्यानंतर तो विचारायलाही कचरू लागला. शेतजमीन विकून फी भरणाऱ्या घरातला मुलगा सरांशी वाद घालील कसा?

गोदातीर: भीती हे कारण होऊ शकत नाही. जीव त्याचाच जाणार आहे.

मांजराकाठ: ज्याच्या सहीवर पुढचे उड्डाण अवलंबून आहे, त्याच्यापुढे आपण कधी उभे राहिला आहात काय? घरी बसून धैर्य शिकवू नका!

बालाघाट (बीड): सरांविषयीचा हा वाद रास्त आहे, परंतु ४८ टक्के अपघातांत व्यावसायिक किंवा त्याहून वरच्या परवान्याचे वैमानिक होते. त्यांना कोणाचा धाक होता? पुस्तकातील इंधनखर्चाचा आकडा हवा-इंधन मिश्रण योग्य तितके पातळ, म्हणजे त्यातले इंधनाचे प्रमाण कमी, केलेले आहे असे गृहीत धरतो. ते केले नाही, समोरून वारा लागला, की हिशेब कोलमडतो आणि अनुभवी माणूस मात्र जुन्याच अंदाजावर पुढे जातो.

गोदातीर: कळीच्या जागेचा मुद्दा, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. परवाना रद्द करण्याची मागणी मात्र मी सोडणार नाही, आणि पट्टी बुडवू न देणाऱ्या प्रशिक्षकापासूनच तिची सुरुवात व्हावी.

मांजराकाठ: एवढेच पहिल्या दिवशी लिहिले असते, तर मी उत्तर दिले नसते.