माध्यमसाक्षरता शिकवताना मुले सगळ्यावरच अविश्वास दाखवू लागली तर काय करावे?

पाटीपेन्सिल

नमस्कार. मी माध्यमिक वर्गांना सामाजिक शास्त्रे शिकवते. इंटरनेटवरची दिशाभूल करणारी माहिती कशी ओळखावी, असा एक छोटा घटक आम्ही या वर्षी सुरू केला असून त्यासाठी सर्वत्र वापरली जाते तशी प्रश्नावली घेतली आहे: लेखकाचे नाव दिले आहे का, मजकूर कधीचा आहे, भाषा भडक आहे का, संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी डॉट ऑर्ग आहे की डॉट कॉम. मुलांनी ती उत्साहाने पाठ केली, पण त्यातून दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अशी की बनावट संकेतस्थळ नीटनेटके असले की ते या सगळ्या प्रश्नांतून सहीसलामत सुटते. दुसरी मला अधिक गंभीर वाटते, कारण काही मुले आता कशावरच विश्वास ठेवेनाशी झाली आहेत. ज्वालामुखीच्या उद्रेकाची खरी चित्रफीत दाखवली, तर मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मॅडम, हे एआयने केलेले असणार," आणि निम्मा वर्ग त्याला दुजोरा देऊन मोकळा झाला. कशावरून, असे विचारल्यावर "आजकाल काहीही बनवता येते" यापलीकडे कोणाकडे उत्तर नव्हते. भाबडेपणाची जागा सरसकट संशयाने घेऊ नये यासाठी नेमके काय शिकवावे, आणि त्याचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

अधोरेखित

मी शालेय ग्रंथपाल आहे. आपण म्हणता त्या प्रश्नावल्यांचा मोठा भाग ग्रंथालयांतूनच आलेला आहे. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको येथील ग्रंथपालांनी 2004 च्या सुमारास तयार केली. तिचा मूळ दोष असा की ती वाचकाला त्याच पानावर खिळवून ठेवते आणि ज्याच्याविषयी शंका आहे त्यालाच साक्षीला बोलावते. 'आमच्याविषयी' हा विभाग त्या संकेतस्थळानेच लिहिलेला असतो, आणि डॉट ऑर्ग हा पत्ता तर पैसे भरून कोणालाही घेता येतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये केलेला अभ्यास या संदर्भात अवश्य पाहावा. त्यांनी 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि 25 पदवीपूर्व विद्यार्थी यांना संगणकापुढे बसवून ते अनोळखी संकेतस्थळे कशी पारखतात याचे निरीक्षण केले. एका प्रश्नात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने दिली होती. त्यांपैकी 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स' ही 1930 पासूनची, हजारो सदस्यांची मान्यवर संस्था आहे. 'अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिॲट्रिशियन्स' हा 2002 मध्ये वैचारिक मतभेदातून फुटून निघालेला छोटा गट आहे. दोन्ही पाने दिसायला सारखीच भारदस्त. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी फुटलेल्या गटालाच अधिक विश्वासार्ह ठरवले आणि इतिहासकारांपैकीही अनेकजण गोंधळले, परंतु तथ्य-तपासनिसांपैकी एकही चुकला नाही. त्यांनी ते पान मन लावून वाचलेच नाही. काही क्षणांत नवा टॅब उघडून या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणतात हे पाहिले आणि मगच मूळ पानाकडे वळले.

म्हणून माझ्या मते वर्गात संशय शिकवण्याऐवजी हा आडवा शोध शिकवावा. 'कोणीतरी फसवत असेल' या सावधगिरीने तास सुरू केला, तर मुले खऱ्या बातमीलाही त्याच मापाने मोजतात. 'हे सांगणारा कोण, आणि त्याला ओळखणारे त्याच्याविषयी काय सांगतात' या प्रश्नाचे उत्तर मात्र पुष्कळदा विश्वासाच्या बाजूनेही येते, आणि तेही मुलांनी स्वतः शोधून काढलेले असते.

काजवा

एका वृत्तकक्षात व्हायरल दावे तपासण्याचे काम करतो. वर दिलेला सल्ला योग्यच आहे; त्यात चित्रांपुरती भर घालतो.

एक नमुना वर्गात जरूर वापरावा: पूर आलेल्या महामार्गावर, गाडीच्या खिडकीतून टिपल्यासारखा दिसणारा पोहता शार्क. हे छायाचित्र 2011 च्या आयरीन वादळाच्या वेळी फिरले, 2017 मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनचे म्हणून पुन्हा फिरले, आणि अजूनही मोठा पूर आला की कुठे ना कुठे उगवते. त्यातला शार्क थॉमस पेशाक या छायाचित्रकाराच्या चित्रातून कापून घेतलेला आहे. मूळ चित्रात कयाकमध्ये (वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीत) बसलेला माणूस मागे वळून पाहतो आहे आणि शार्क त्याच्या मागोमाग येतो आहे. मुलांना आधी पुराचे चित्र द्यावे, मग चित्रावरून शोध घेण्याची सोय वापरायला सांगावी, आणि निकालांतून सर्वांत जुने कोणते ते काढायला लावावे. कयाकचे चित्र समोर येते तेव्हा दोन्ही चित्रे शेजारी ठेवून शार्कचे अंग, पाण्यावरची सावली आणि कल्ल्यांची दिशा जुळवून पाहावी. इथे मुलांच्या हाती पुरावा असतो; 'खोटे आहे' या नुसत्या म्हणण्यात तो नसतो.

ज्वालामुखीच्या चित्रफितीलाही हीच पद्धत लावावी. ती 'एआयने केलेली आहे' हादेखील एक दावाच आहे आणि तो करणाऱ्यालाही पुरावा द्यावा लागेल, हे वर्गात स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. त्याच उद्रेकाचे दुसऱ्या कोनातून केलेले चित्रण, त्या दिवसाच्या उपग्रह प्रतिमा, भूगर्भशास्त्रीय संस्थेचे निवेदन यांतले काय सापडते ते पाहावे. बॉबी चेसनी आणि डॅनिएल सिट्रॉन या कायदेतज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वीच लक्षात आणून दिले होते की बनावट चित्रफितींचा मोठा लाभ खोटे बोलणाऱ्याला होतो, कारण खरा पुरावा समोर आला तरी 'हे बनावट आहे' म्हणून तो हात झटकू शकतो. आपल्या मागच्या बाकावरचा विद्यार्थी नकळत हीच पळवाट शिकतो आहे.

आणि कृपया एआयचे चित्र ओळखण्यासाठी त्यातल्या हातांची बोटे मोजायला शिकवू नका. मार्च 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांचे फुगीर पांढऱ्या कोटातले कृत्रिम चित्र गाजले, तेव्हा हाताजवळची गिचमिड पाहून ते ओळखता येत होते. तशा खुणा प्रत्येक नव्या आवृत्तीत कमी होत चालल्या आहेत, आणि त्यांवर विसंबलेले मूल खूण दिसली नाही की चित्र खरे मानते.

त्रैराशिक

मी थोडा वेगळा सूर लावतो. आडवा शोध उपयुक्त आहे, पण दहा ठिकाणी एकच बातमी सापडली म्हणजे ती दहा जणांनी तपासली, असा समज त्यातून होऊ शकतो. 2015 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने नेमका हाच सापळा मुद्दाम लावला होता. चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर घटते, असा 'शोध' त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पैसे घेऊन छापणाऱ्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि अनेक देशांतल्या वृत्तपत्रांनी तो उचलला. प्रयोग प्रत्यक्ष झाला होता, त्यामुळे आकडे बनावट नव्हते; मात्र माणसे पंधराच होती आणि प्रत्येकाच्या वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा 18 गोष्टी मोजल्या होत्या. बातमीच्या सगळ्या वाटा एकाच प्रसिद्धिपत्रकाकडे जात असताना नवा टॅब उघडून फारसे काही साधत नाही.

गणिताच्या तासाला हे करून दाखवता येते. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवाव्यात. प्रत्येकाने चिठ्ठी काढून, आकडा लिहून, ती परत टाकायची, असे 18 वेळा. 'एक' हा आकडा एकदा जरी आला तरी 'शोध लागला' असे म्हणायचे. (एक चिठ्ठी म्हणजे मोजलेली एक गोष्ट; निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता वीसात एक इतकी असली तर संशोधनात तो सहसा 'शोध' म्हणून चालवून घेतात.) एका वेळी 'एक' न येण्याची शक्यता 0.95 असते आणि अठराही वेळा न येण्याची म्हणजे 0.95 चा अठरावा घात सुमारे 0.40 येतो, म्हणजे साधारण 60 टक्के मुलांना काहीही खरे नसताना शोध लागतो. पुष्कळ गोष्टी मोजून त्यांतली एकच जाहीर करणे हे किती सोपे आहे, ते एवढ्यावरून कळते. (अर्थात बोहॅननने त्या प्रयोगातल्या माणसांना खरा हेतू सांगितला नव्हता, आणि त्यावर झालेली टीका मला रास्त वाटते.)

अधोरेखित

त्रैराशिक यांचा आक्षेप मान्य. म्हणूनच आडव्या शोधात 'किती ठिकाणी' याऐवजी 'स्वतंत्रपणे किती जणांनी' असे विचारायला हवे. दोन बातम्यांतली वाक्ये शब्दशः जुळत असतील तर त्यांचा उगम एकच आहे, हे आठवीतली मुलेही पकडतात. त्यांना त्यात मजाही येते.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चिठ्ठ्यांचा प्रयोग गणिताच्या सहकाऱ्यांना आजच सुचवते. मूल्यमापनाचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. चाचणीत पाच खोटे दावे दिले की सगळ्यांपुढे 'खोटे' लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

काजवा

मग चाचणीत खरे दावे निम्म्याहून अधिक ठेवा, आणि त्यांतले एकदोन ऐकताक्षणी अशक्य वाटणारे असू द्या. ऑक्टोपसला तीन हृदये असतात हे खरे आहे, पण सरसकट संशय घेणारा विद्यार्थी ते हमखास खोडतो. खरे-खोटे ओळखण्याला थोडेच गुण ठेवून उरलेले 'कुठे पाहिले, कोणत्या क्रमाने पाहिले आणि कोणत्या टप्प्यावर शोध थांबवला' या नोंदीला द्यावेत. 'ठरवता आले नाही' हे उत्तरही, शोधाची नोंद पूर्ण असेल तर, पूर्ण गुणांचे मानावे. चाचणीला इंटरनेट उपलब्ध हवे, ही अट मात्र टाळता येणार नाही. कागदावर छापलेल्या स्क्रीनशॉटवरून ही परीक्षा घेतली की मुले पुन्हा भाषा भडक आहे का, एवढेच पाहत बसतात.