मदत हवी आहे: शेतावरच्या पत्र्याच्या खोलीत लाइन नाही, गारवा कसा करावा?

पऱ्हाटी:
यवतमाळजवळ शेतावर १०×१२ फुटांची खोली आहे. वर पत्रा, पश्चिमेला खिडकी, पूर्वेला दार. विजेचे खांब इथवर आलेले नाहीत. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४४ च्या वर जातो आणि आई-बाबा दिवसभर तिथेच असतात. १०० वॉटचं सोलर पॅनल आहे, विहिरीला पाणी आहे. १२ व्होल्टचा कूलर घेऊ का? बॅटरी केवढी लागेल?

तुराटी:
कूलर घ्या, पण पहिला पैसा पत्र्यावर घाला. वरून तापलेला पत्रा आग ओकत असेल तर कूलरची गार हवा अंगाला लागूनही डोकं तापतंच, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचाच जास्त त्रास.

पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत बांधा आणि खालून शेणमातीने लिंपा. मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी हवी. बंद केली तर गरम हवा कोंडते आणि संध्याकाळपर्यंत तट्ट्याही तापतात. उंदीर-साप शिरू नयेत म्हणून टोकांना बारीक जाळी मारा.

पत्रा वरून पांढरा करा. नुसता चुना पत्र्याला धरत नाही, पहिल्याच पावसात धुऊन जातो. गंज घासून काढा, प्रायमरचा एक हात द्या, मग बाहेरच्या भिंतीचा पांढरा अॅक्रिलिक रंग दोन हात. काम पहाटे उरका, तापल्या पत्र्यावर रंगाचे पापुद्रे सुटतात. पत्र्यावर तुराट्या पसरल्या तरी सावली होते, पण जवळ चूल असेल तर ते नकोच.

सौरभट्टी:
आता विजेचा हिशेब. कूलरचं लेबल बघा. पंखा ४० आणि पंप १५ वॉट धरला तर ५५ वॉट. पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे मे महिन्यात १०० वॉटचं पॅनल भर दुपारीही ७५-८० वॉटच देईल. दिवसा कूलर त्यावर चालेल. रात्री पंखाही हवा असेल तर तसंच दुसरं पॅनल समांतर जोडा.

रात्रीच्या पंख्याला बॅटरी १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट पुरे. लेड-अॅसिड अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणून ती ६० ची घ्यावी लागेल. मध्ये इन्व्हर्टर नको, त्यात वीज वाया जाते. बॅटरीच्या प्लसजवळ १० अँपिअरचा फ्यूज लावाच. वायर तांब्याची, २.५ चौरस मिमी. १० मीटर अंतरावर ०.७५ ची बारीक वायर टाकली तर दोन व्होल्टहून जास्त गळतात आणि पंप पाणी वर चढवत नाही.

कूलर खिडकीबाहेर ठेवा, वर हिरव्या जाळीची सावली करा, कूलरच्या ताट्यांपासून (ज्यांवर पाणी झिरपतं त्या बाजूच्या जाळ्यांपासून) दोन फूट मोकळे सोडून. समोरचं दार अर्धं उघडं हवं. बंद खोलीत ओल साठते आणि तासाभरात चिकचिक सुरू होते.

देवगडकर:
हेच आमच्याकडे कोकण किनाऱ्यावर चालेल का?

सौरभट्टी:
नाही. यवतमाळला ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर पाणी हवेला २३ अंशांच्या आसपास नेऊ शकतं, चांगला कूलर २७-२८ पर्यंत आणतो. तुमच्याकडे ३४ अंश, ७० टक्के आर्द्रता. तिथे पाण्याची मर्यादाच २९. छत आणि पंखा एवढंच करा.

पऱ्हाटी:
विहिरीचं पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर बसतो.

तुराटी:
मग दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून भरा. क्षार वाढत गेले की ताट्या दगडासारख्या होतात, वारा अडतो. शिवाय साचल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी आठवडा-दहा दिवसांत उडता डास होतात, तेही टळेल.