भुसावळचं लग्न, अमेरिकेतली फारकत

नमस्कार मंडळी,
माझा मामेभाऊ आणि वहिनी इथेच असतात. लग्न भुसावळचं. दीड वर्षापासून वेगळे राहतात. वाद नाही, पण संसार संपला हे दोघांनाही पटलंय. इथल्या कोलॅबोरेटिव्ह पद्धतीनं, म्हणजे दोघांनी आपापले वकील घेऊन बोलणी करून, कोर्टात न भांडता मिटवायचं म्हणतात. तिकडून यावलच्या मामांचा फोन: "चार पंच बसवतो, फारकत लिहून नोटरी करतो, झालं." चालेल का?

—

ताई,
मामांना माझा नमस्कार सांगा, पण स्टँपपेपर घेऊ देऊ नका. हिंदू विवाह कायद्याचं कलम २९(२) रूढीनं होणारी फारकत मानतं, पण तशी रूढी समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्यानं ती सिद्ध होत नाही. उद्या कुणी दुसरं लग्न केलं तर थेट द्विविवाहाचा गुन्हा अंगावर.

इथल्या पद्धतीची गंमत एका अटीत आहे. मिनियापोलिसच्या स्टू वेब या वकिलानं १९९० मध्ये ती काढली: बोलणी फिसकटून मामला कोर्टात लढायची वेळ आली, तर दोघांच्याही वकिलांनी बाजूला व्हायचं. म्हणजे भांडण ताणून वकिलाला काहीच सुटत नाही. (तिकडे कोर्टाच्या आवारात ही अट सांगून बघा, समोरच्याच्या हातातला चहा सांडेल!)

शेवटचा हुकूम मात्र न्यायाधीशाचाच लागतो. तो इथे घेतलात तर दोघांची संमती त्यात स्पष्ट लिहून घ्या. सुप्रीम कोर्टाच्या १९९१ च्या नरसिंह राव निकालापासून भारतात परदेशी हुकूम तपासताना हे पाहतात. नाहीतर हिंदू विवाह कायद्याच्याच कलम १३ब खाली जळगाव जिल्ह्यातच संमतीचा अर्ज करा, लग्न तिथलंच आहे. एक वर्ष वेगळं राहण्याची अट पुरी झालीच आहे. या अर्जाच्या दोन टप्प्यांमधले सहा महिने सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर कोर्ट माफ करू शकतं. योग्य कारण असेल तर व्हिडिओवर हजेरी किंवा आईवडील-भावंडांमार्फत काम चालवायलाही त्याच निकालानं वाट दिली आहे.
बापू

—

बापूंनी कायदा सांगितला, मी दागिन्यांचं सांगते. पोहेहार, गोठ, पाटल्या मामींच्या कपाटात असतील ना? ते वहिनीचं स्त्रीधन. ते वाटाघाटीत आणायचंच नाही, आधी परत द्यायचं. जळगावच्या सराफाच्या पावत्यांचे फोटो मागव आणि करारात प्रत्येक दागिना ग्रॅममध्ये लिहा. नुसतं 'पाटल्या एक जोड' लिहिलं की वजनावरून पुन्हा तोंडं फिरतात.
मावशी